चारचौघांत काय घालावें ?

कोणत्या प्रसंगीं कोणतें वस्त्र घालावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत कोणी विचारीत नाहीं. आम्ही तो विषय पंचवीस वर्षांहून अधिक काळ शिकवीत आलों आहों. सत्य सर्वकाळ बोलावें कीं नाहीं, दिलेलें वचन केव्हां मोडतां येईल, अनेकांच्या हितासाठीं एकाचा बळी द्यावा काय, असले भयंकर प्रश्न आम्हीं फळ्यावर लिहिले, तासभर त्यांचा खल केला आणि घंटा होतांच ते पुसून टाकले. त्यांपैकीं एकाहि प्रश्नानें आमची झोंप मोडल्याचें आठवत नाहीं. ती मोडली एका पांढऱ्या सदऱ्यानें. म्हणून ज्या विषयाला कांहीं वाचक थिल्लर म्हणतील तो त्यांच्यापुढें ठेवण्याचें धाडस आज आम्ही करीत आहों.

आमचें मूळ गांव यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब. विदर्भांतील अष्टविनायकांपैकीं चिंतामणीचें स्थान तें हेंच. मूर्ति जमिनीच्या पातळीच्या बरीच खालीं असल्यामुळें पायऱ्या उतरून दर्शन घ्यावें लागतें. नोकरीनिमित्त आम्ही गांवाबाहेर पडलों. धाकटी बहीण मात्र गांवांतच दिलेली. मेहुण्यांची थोडी कपाशीची शेती आहे, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, पुण्यास इंजिनिअरिंग शिकतो. दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत आम्ही तिघे दर्शन घेऊन वर आलों आणि आपापल्या चपला शोधूं लागलों, तेव्हां त्यानें हळूच विचारलें, “मामा, रॉक कॉन्सर्टला काय घालून जायचं असतं?” चिंतामणीच्या दारांत चिंता बाहेर पडावी हें उचितच झालें.

ज्यांच्या घरीं अठरा-वीस वर्षांचें मूल आहे त्यांना हें संगीत काय असतें तें सांगावयास नको. भिंतींतून तें त्यांना ऐकूं येतच असतें. इतरांसाठीं एवढें सांगतों कीं, मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर राहून स्वतःचीं गाणीं स्वतः रचणारे व स्वतःच्या हिमतीवर तीं लोकांपुढें मांडणारे जे बँड असतात, त्यांना ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचा लाडिक संक्षेप करून ‘इंडी’ म्हणतात. आपल्याकडेहि हा प्रकार कालचा नव्हे. मुंबईंत १९८६ सालीं ‘इंडिपेंडन्स रॉक’ नांवाचा मेळावा सुरू झाला, आणि धोबी तलावाजवळचें रंगभवन हें त्या पिढीच्या श्रोत्यांचें जणुं तीर्थक्षेत्र होऊन बसलें. पुण्यांत २०१० सालीं ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला, आणि त्यानंतर मैदानांत तासन् तास उभें राहून गाणीं ऐकणें हा महाराष्ट्रांतील कॉलेजांतल्या मुलांचा एक नवा सण झाला. आमच्या भाच्यानें हें सारें संगीत कळंबच्या घरीं, कापसाच्या ढिगावर पडून, मोबाइलवर ऐकलेलें. प्रत्यक्ष ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तिकिटाचे पैसे त्यानें दोन शाळकरी मुलांची शिकवणी घेऊन जमविले होते.

त्याच्या प्रश्नाला तीन उत्तरें मिळालीं. पहिलें त्याच्या आईचें. तिनें चप्पल पायांत सरकवतां सरकवतां निकाल देऊन टाकला : “चारचौघांत जाचं हाय तं धुतलेले, इस्तरीचे कपडे घालून जाय. कोनाले नाव ठेवाले जागा ठेवू नोको.” दुसरें उत्तर त्याच्या वसतिगृहांतील मित्राचें; तें फोनवर आलें व बरेंच तपशीलवार होतें. काळा टी-शर्ट घालावा. त्यावर एखाद्या बँडचें नांव असलें तर उत्तम, परंतु ज्या बँडचें गाणें ऐकावयास जावयाचें त्याच बँडचें नांव छातीवर मिरवूं नये, तें नवखेपणाचें लक्षण समजतात. कोणतीहि वस्तु आजच विकत घेतल्यासारखी दिसूं नये. बूट पुढून बंद असावे, कारण गर्दींत पाय तुडविले जातात आणि पाऊस पडला तर चिखल होतो. मोठी पिशवी नेऊं नये. माझा एक जुना टी-शर्ट आहे, तो घेऊन जा. असें तें उत्तर.

तिसरें उत्तर आमचें. प्राध्यापकाला उत्तर देतांना त्याला आपला आवाज ऐकण्याचा मोह आवरत नाहीं. आम्हीं सांगितलें कीं, संगीत कानांनीं ऐकावयाचें असतें, सदऱ्यानें नव्हे. ज्या मेळाव्याचा अभिमानच असा कीं आम्ही कोणाचे बंधन मानीत नाहीं, तेथें बंधन शोधीत जाणें हा वेडेपणा होय. तेव्हां जें जवळ असेल तें खुशाल घालून जावें. तीन उत्तरांपैकीं हेंच सर्वांत भारदस्त वाटलें असल्यास नवल नाहीं. त्यांत आणखी सोय अशी कीं, आमच्या तत्त्वाचा आश्रय करून त्याला आईची आज्ञाहि पाळतां आली. जवळ जें होतें त्यांतलें चांगलें म्हणजे एक पांढरा सदरा आणि काळी पँट, तोंडी परीक्षेसाठीं शिवलेली. बहिणीनें घोंगडीवर चादर पसरून, पाणी शिंपडून, सदऱ्याला कडक इस्तरी केली, बाह्यांवर सुरीच्या धारेसारखी घडी पाडली, आणि वर्तमानपत्राच्या दोन पानांत गुंडाळून तो त्याच्या बॅगेंत ठेवला.

पुढची हकीकत आम्हांला सहा महिन्यांनीं, उन्हाळ्याच्या सुटींत गच्चीवर पडलों असतां कळली. पुण्याजवळच्या एका मैदानावर तो कार्यक्रम होता. फाटकांतून आंत जाऊन दहा पावलें टाकलीं असतील तोंच एका तरुणानें रिकामा पेला त्याच्या हातांत दिला आणि आणखी दोन घेऊन येण्यास सांगितलें. अन्नाच्या दुकानांवर वाढणारे जे नोकर होते त्यांचा पोशाख नेमका पांढरा सदरा व काळी पँट हाच होता. भाच्यानें तो पेला घेतला. “मी त्याला म्हणू शकत होतो की मी तिकीट काढून आलोय,” तो म्हणाला, “पण मी घेतला, आणि नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला.” त्यानंतर आणखी दोघांनीं त्याला बाथरूम कोठें आहे असें विचारलें. तो मागें मागें सरकत गेला. ज्या गाण्यासाठीं त्यानें वर्षभर दिवस मोजले होते तें त्यानें मैदानाच्या कडेला, जनरेटरच्या गाडीजवळ उभें राहून ऐकलें.

हें ऐकून आम्हांला प्रथम राग आला तो पेला देणाऱ्याचा. परंतु थोड्या विचारानें तो टिकेना. त्या तरुणानें अपमान करण्याच्या हेतूनें कांहीं केलें नव्हतें. त्यानें कपडा वाचला, एवढेंच. कपडा वाचण्याची विद्या आपण सर्वच लहानपणापासून शिकतों. रेल्वेच्या फलाटावर लाल सदरा दिसला कीं आपण हमालाला हांक मारतों, त्याचें नांवगांव विचारीत नाहीं. दोष असलाच तर ज्यानें त्या मुलाला तेथें काय वाचलें जातें हें न सांगतां पाठविलें त्याचा.

आणि आम्हांला तें ठाऊक नव्हतें असें तरी कोठें आहे ? तरुणपणीं आम्ही प्रथम पुण्यांत एका मोठ्या शास्त्रीय मैफलीस गेलों तेव्हां वऱ्हाडांतून आलेल्या गाडीवरून उतरून, पँट-शर्टांतच गेलों होतों. भारतीय बैठकीवर आजूबाजूला खादीचे व रेशमाचे झब्बे, खांद्यावर शाल, बायकांच्या अंगावर इरकलीं व नारायणपेठी. त्या शालींच्या समुद्रांत आमचा पिवळ्या चौकटींचा टेरिकॉटचा शर्ट एखाद्या बेटासारखा दिसत होता. कोणी कांहीं म्हणालें नाहीं. कोणी काय म्हणणार ? तेथेंहि पोशाखाचा नियम नव्हताच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं लक्ष्मी रोडवर जाऊन एक झब्बा घेतला व रात्रीं तो घालून बसलों, तेव्हां कोठें तोडी तोडीसारखी व मारवा मारव्यासारखा वाटूं लागला. हें सारें आम्ही विसरलों होतों. ज्याला झब्बा मिळाला त्याला झब्ब्याची गरज होती हें पुढें आठवत नाहीं. त्यानंतर तो खुशाल सांगूं लागतो कीं संगीत कानांनीं ऐकावें.

आमच्या मतें ‘कांहींहि घाला’ असें म्हणणारी जागा हीच नवख्याला सर्वांत कठीण असते. २०२३ सालीं नागपुरांतील कांहीं देवळांनीं भाविकांनीं कोणते कपडे घालून येऊं नये याचे फलक लावले, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. त्या फलकांची बाजू घेण्याची आमची इच्छा नाहीं. देवाला हाफ पँटीचा विटाळ होतो ही कल्पना आम्हांला पटत नाहीं. परंतु फलकाचा एक गुण मान्य केला पाहिजे. तो वाचतां येतो, त्यावर रागावतां येतें, वर्तमानपत्रांत त्याविरुद्ध पत्र लिहितां येतें. न लिहिलेल्या नियमाशीं भांडावें कोणीं आणि कोणाशीं ? तो मोडल्यावरच समजतो, आणि समजतो तोहि एकट्या मोडणाराला. देवळाची आणखी एक सोय अशी कीं तेथें, आणि आपल्या जुन्या बैठकींतहि, पादत्राण बाहेर काढून ठेवतात. माणसाच्या ऐपतीचा जो सर्वांत बोलका साक्षीदार तो दारांतच थांबतो. मैदानांत सर्व बूट घालून उभे असतात, आणि भाच्यानें त्या रात्रीं सर्वांत अधिक पाहिले ते लोकांचे बूटच.

या मंडळींचा आवडता पोशाख आला कोठून, हेंहि पाहण्यासारखें आहे. त्यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तु मुळांत कष्टकऱ्याची आहे. मुंबईच्या डोंगरी भागांत मिळणारें जाडेंभरडें सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनीं उचललें आणि त्या जागेच्या नांवावरून ‘डंगरी’ हा शब्द इंग्रजी कोशांत जाऊन बसला. खलाशी व मजूर त्याच्या विजारी घालीत. अमेरिकेंत जेकब डेव्हिस नांवाच्या शिंप्यानें मजुरांच्या विजारी खिशाशीं उसवूं नयेत म्हणून तेथें तांब्याच्या खिळ्या ठोकल्या, आणि त्याचा व लेव्ही स्ट्रॉस यांचा त्याबद्दलचा पेटंट २० मे १८७३ चा आहे. सिअॅटल शहरांतील जे बँड १९९० च्या सुमारास गाजले त्यांचे चौकटीचे फ्लॅनेलचे सदरे त्या थंड मुलुखांत लांकूडतोडे वापरीत, आणि जुन्या बाजारांत ते स्वस्तांत मिळत. कर्ट कोबेन तो घालून गायला यांत सोंग नव्हतें; तें त्याच्या गांवचें वस्त्र होतें. परंतु नोव्हेंबर १९९२ मध्यें मार्क जेकब्स या न्यूयॉर्कच्या पोशाखकारानें त्याच फ्लॅनेलच्या चौकटी रेशमावर उतरवून धनिकांपुढें मांडल्या. कंपनीनें त्याला थोड्याच महिन्यांत काढून टाकलें हें खरें, पण कल्पना कांहीं काढून टाकतां आली नाहीं. आज नव्या कोऱ्या जीन्स कारखान्यांत सच्छिद्र दगडांबरोबर धुऊन विटक्या करतात. जी कळा आमच्या मेहुण्यांच्या पँटीला दहा वर्षांच्या उन्हानें आली ती तेथें एका दुपारींत येते, आणि तिचे अधिक पैसे पडतात. मेहुण्यांना आम्हीं हें सांगितलें तेव्हां ते बराच वेळ हंसले, आणि मग आपली पँट पुण्यास पाठवून किती येतील तें विचारूं लागले.

सॉक्रेटिसाचा अँटिस्थेनीस नांवाचा एक अनुयायी होता. त्याला आपल्या विरक्तीचा मोठा अभिमान असे, आणि पांघरलेल्या वस्त्राचा फाटका भाग लोकांच्या दृष्टीस पडेल अशा रीतीनें तो तें फिरवून घेई. तेव्हां सॉक्रेटिसानें त्याला, त्या भोंकांतून मला तुझी कीर्तीची हांव दिसते, अशा अर्थाचें कांहीं म्हटल्याची गोष्ट सांगतात. आम्ही ही गोष्ट दरवर्षीं वर्गांत सांगतों आणि मुलें हंसतात. परंतु यंदा ती सांगतांना आमच्या लक्षांत आलें कीं, ती अर्धीच आहे. अँटिस्थेनीसाचें भोंक लोकांनीं पाहिलें, कारण तो तत्त्वज्ञ आहे हें त्यांना आधींच ठाऊक होतें. बाजारांतल्या गुलामाच्या वस्त्रालाहि भोंकें होतीं. त्यांतून सॉक्रेटिसाला काय दिसलें याची नोंद कोणी ठेवलेली नाहीं.

या ठिकाणीं आपल्या इतिहासांतील दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पहावेसे वाटतात. १८८८ सालीं पुण्यांत हरि रावजी चिपळूणकर यांनीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली. तिला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषांत गेले, आणि येथें जमलेल्या जडजवाहिरांच्या लोकांवरून या देशाची परीक्षा करूं नका, असें त्यांनीं त्या राजपुत्राला बजावलें. दुसरा प्रसंग महाडचा, १९२७ च्या डिसेंबरांतला. तेथें डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांपुढें भाषण केलें तें उलट होतें : तुमचें लुगडें नेसण्याची पद्धत व तुमचे जड दागिने हीं तुमच्या अस्पृश्यतेचीं निशाणें झालीं आहेत, तीं टाका, वरिष्ठ म्हणविणाऱ्या स्त्रिया नेसतात तसें नेसा, स्वच्छ रहा. स्वतः त्यांचा सूट-बूट तर सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेच. एकानें उंची वस्त्र टाकलें, दुसऱ्यानें तें धारण करण्यास सांगितलें. वरवर पाहणाराला यांत विरोध दिसेल. आम्हांला दिसत नाहीं. जोतीराव सुस्थितींतले गृहस्थ होते, कंत्राटें घेत होते, पुण्याच्या नगरपालिकेंत बसले होते. त्यांनीं तो वेष निवडला आहे हें मेजवानीच्या प्रत्येक पाहुण्याला कळत होतें, म्हणून तो वेष बोलला. ज्याच्या अंगावर तो वेष दुसऱ्यांनीं लादलेला आहे त्याच्या अंगावर तो मुका असतो. त्याला बोलावयाचें असेल तर त्यानें इस्तरीचा कपडाच घातला पाहिजे.

मदुरेस २२ सप्टेंबर १९२१ रोजीं गांधीजींनीं पंचा नेसला त्याहि वेळीं तोच न्याय लागू होता. विलायतेंत बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाचा तो पंचा होता.

आतां आमची बहीण ‘नाव ठेवाले जागा ठेवू नोको’ म्हणाली त्यांत कोणती दृष्टि होती तें ध्यानांत येईल. तिच्या सासऱ्यांनीं आयुष्य ठिगळाच्या बंडींत काढलें. जिनिंगांत कापूस विकावयास गेलें म्हणजे बंडी पाहून मापारी त्यांच्याशीं कसा बोले, तें त्या घरांतल्या सर्वांस पाठ आहे. या जिल्ह्यांतला कापूस मूर्तिजापूरकडे वाहून नेण्यासाठीं इंग्रजी अमदानींत यवतमाळपर्यंत खास अरुंद रूळ घातले गेले. पिकवणाराच्या अंगावर मात्र त्यांतलें पुरेसें कापड कधीं आलें नाहीं. त्या घरांत कडक इस्तरी ही हौस नव्हे, ती चिलखत आहे. तेव्हां ‘कांहींहि घाल’ असें जें आम्हीं सांगितलें तो पगारदार मनुष्याचा उपदेश होता. ज्याला कोणी कधीं नोकर समजलें नाहीं त्यालाच तो सुचतो.

मुलींची गोष्ट आणखी निराळी आहे, आणि ती आम्हांला आमच्या एका विद्यार्थिनीनें समजावून दिली. तिला अशा कार्यक्रमास जावयाचें असलें म्हणजे तीन ठिकाणांचा विचार करावा लागतो : घरांतून निघतांना बाबांची नजर, बसमध्यें शेजाऱ्याची, आणि मैदानांत मैत्रिणींची. म्हणून ती मोठा ढगळ सदरा वर घालते, आंत दुसरें कांहीं असतें, आणि रात्रीं परततांना पुन्हा तीच बटणें लावते. तिच्या प्रश्नांत रुचि शेवटीं येते. आधीं निभावून सुखरूप परत येणें. आप रुचि भोजन, पर रुचि शृंगार, ही म्हण ज्यानें केली त्याला ‘पर’ म्हणजे एकच जण वाटला असावा. या मुलीपुढें तीन ‘पर’ आहेत, आणि तिघांचें एकमेकांशीं पटत नाहीं.

मग मित्राचें उत्तर तेवढें खरें, असें म्हणावें काय ? प्रथम आम्ही तसेंच म्हणालों. त्या मुलानें निदान नियम सांगितला, आणि नुसता सांगितला नाहीं, आपला टी-शर्ट देऊं केला. पोशाख ही एक भाषा मानली तर ज्या गांवीं जावयाचें तेथले चार शब्द शिकून जाणें यांत लाचारी नाहीं. शिवाय हजारों लोकांसारखें दिसण्यांत एक शुद्ध आनंदहि असतो. पंढरीच्या वाटेवर पांढऱ्या बंड्यांच्या व टोप्यांच्या प्रवाहांत सामील झालेल्याला तो ठाऊक आहे, आणि त्याला नकलाकार म्हणण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. अर्थात् वारींत पँट घालून चालणाऱ्यालाहि कोणी पेला आणावयास सांगत नाहीं, हा फरक ध्यानांत ठेवला पाहिजे. असें कांहींसें आम्हीं गच्चीवर भाच्याला बोलून दाखविलें, आमची चूक झाली असें मोकळेपणीं कबूल केलें, आणि जोतीरावांचें उदाहरणहि दिलें. मामाला पश्चात्ताप झाला तरी व्याख्यान सुटत नाहीं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, पेल्याचं एवढं नाही. ते मी विसरलो असतो. तुम्हाला एक सांगितलं नाही.” जनरेटरच्या गाडीमागें पाण्याचा एक नळ होता. तेथें जाऊन त्यानें सदऱ्यावर पाणी ओतून घेतलें, दोन्ही बाह्या मुठींत धरून पिळल्या, छाती चुरगाळली, वरचीं दोन बटणें सोडलीं, आणि मग तो गर्दींत शिरला. त्यानंतर त्याला कोणीं कांहीं विचारलें नाहीं. शेवटचीं दोन गाणीं त्यानें मंचाच्या बरीच जवळून ऐकलीं, आणि तीं फारच सुंदर झालीं. “गाणं चालू होतं तोवर काही वाटलं नाही. हॉस्टेलवर येऊन शर्ट वाळत घातला तेव्हा वाटलं. आईनं अर्धा तास बसून केलेली इस्तरी मी मोडली, मामा. आणि ती मोडल्यावर मला बरं वाटलं होतं.”

आमच्याजवळ याला उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. पुस्तकांत शोधलें. कार्लाइलनें १८३३-३४ मध्यें ‘सार्टर रिसार्टस’ हा ग्रंथ मासिकांतून लिहिला, त्यांत वस्त्रांचें तत्त्वज्ञान सांगणारा एक काल्पनिक प्राध्यापक आहे. तो संस्था, धर्म, राज्य या सर्वांना वस्त्रें ठरवितो व तीं जीर्ण झालीं म्हणजे टाकावीं लागतात असें म्हणतो. विद्यार्थिदशेंत या कल्पनेनें आम्ही भारावून गेलों होतों. परंतु त्या प्राध्यापकाच्या सर्व पोशाखांत कोठेंहि कोणाच्या आईनें पाणी शिंपडून केलेली घडी नाहीं. समाज आपल्याला एक वस्त्र देतो आणि आपण तें टाकतों, इथवर तत्त्वज्ञान ठीक चालतें. वस्त्र देणारें माणूस आपल्यावर जीव टाकणारें असलें, आणि त्याच्या मायेचें चिन्ह हेंच बाहेर आपल्या हीनपणाचें चिन्ह ठरलें, म्हणजे काय करावें ? येथें नियम कळूनहि भागत नाहीं. मित्राचा टी-शर्ट त्यानें पहिल्याच दिवशीं घेतला असता तर पेल्याचा प्रसंग टळला असता हें निश्चित. पण तो वर्तमानपत्रांतला सदरा तसाच बॅगेंत राहिला असता, आणि दिवाळीनंतर आईनें फोनवर विचारलें असतें, कसा दिसला ?

तिनें विचारलेंच होतें. तो म्हणाला होता, झकास.

गेल्या हिवाळ्यांत त्यानें आम्हांला आपल्याबरोबर एका कार्यक्रमास नेलें. आम्हीं कपाटापुढें किती वेळ घालविला तें सांगत नाहीं. अखेर रोज कॉलेजांत घालतों तोच बुश-शर्ट घालून गेलों, आणि कोणीं आमच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. पिकल्या केसांना मैदानांत सर्व माफ असतें. कानांत घालावयास कापसाचे बोळे मात्र भाच्यानें आठवणीनें आणले होते. ते त्यांच्याच शेतांतल्या कापसाचे.

त्यानें स्वतः त्या वर्षीं काळा टी-शर्ट घेतला होता, छातीवर कवटीचें चित्र असलेला. दिवाळीस तो गांवीं घेऊन गेला, तेव्हां बहिणीनें तो धुतला. देवळाकडे जाणाऱ्या बायकांच्या दृष्टीस ती कवटी पडूं नये म्हणून उलटा करून मागच्या दोरीवर वाळत घातला, आणि वाळल्यावर, सवयीप्रमाणें, घोंगडीवर चादर पसरून त्याला इस्तरी केली. टी-शर्टाच्या आंखूड बाह्यांवर तिनें तीच धार पाडली. आम्हांला वाटलें, तो मैदानापाशीं आल्यावर ती हातानें मोडून टाकील. त्यानें ती मोडली नाहीं.

आम्ही मंचापासून पंधरा-वीस हातांवर उभे होतों. शेजारच्या एका मुलानें त्याची बाही दोन बोटांत धरून पाहिली आणि हंसून विचारलें, “ही काय स्टाईल आहे ?” भाचा त्याच्याकडे वळून कांहीं बोलला, त्यांत ‘आई’ एवढा शब्द आम्हांला नीट कळला. पुढचें ऐकूं आलें नाहीं. गिटार सुरू झाली होती.